बाळ पोटातच गेलेल्या आईबापांसाठी निधी उभा करताना

बाळाचे ठोके पोटातच थांबले, तरी आईला बाळंत व्हावंच लागतं. कळा त्याच, टाके तेच, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूधही येतं. घरी जाताना हातात मात्र डिस्चार्जचा कागद आणि औषधांची पिशवी असते. अशा आईबापांसाठी काही करावं असं वाटणारे पुष्कळ असतात: कुणाची बहीण, कुणाची मैत्रीण, वॉर्डातली सिस्टर, सोसायटीतलं महिला मंडळ. लोक पैसेही देतात. घोडं अडतं ते पैसे नेमके कशाला हवेत हेच ठरलेलं नसल्यामुळे. ‘आधार देण्यासाठी मदत करा’ असं मोघम आवाहन फिरतं, थोडी रक्कम जमते आणि कुणाच्या तरी खात्यात पडून राहते. म्हणून आधी यादी करा, पावतीपुस्तक नंतर छापा.

सुरुवात एकाच हॉस्पिटलपासून

जिल्हाभर काम करण्याची घाई नको. एक प्रसूतिगृह निवडा. सरकारी असेल तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटा, खासगी असेल तर डॉक्टरांना. तीन गोष्टी विचारा: गेल्या १२ महिन्यांत २८ आठवड्यांनंतरचे उपजत मृत्यू, म्हणजे बाळ पोटातच किंवा जन्मताना जाणं, किती झाले (फक्त आकडा, नावं अजिबात नकोत), अशा आईला बाळंतपणानंतर कोणत्या खाटेवर ठेवतात, आणि रात्रपाळीला वॉर्ड कोण सांभाळतं. मग तुम्ही काय देणार आणि ते कुठे ठेवलं जाणार याचं एका पानाचं पत्र दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करून घ्या. सरकारी हॉस्पिटलात वस्तू किंवा पैसे रुग्ण कल्याण समितीमार्फत द्या आणि वस्तू साठा नोंदवहीत चढवून घ्या. हे पत्र नसेल तर अधीक्षकांची बदली झाली की तुमच्या पेट्या (बाळाचे कपडे आणि आठवणी जपण्याचं सामान असलेल्या, प्रत्येक कुटुंबाला एक) स्टोअरमध्ये धूळ खात पडतात.

खाटेचा प्रश्न मुद्दाम विचारायला सांगितला. मूल गेलेल्या आईला रडणाऱ्या बाळांच्या रांगेत ठेवू नये, ही सगळ्यांत मोठी गरज आहे आणि तिला बहुतेक वेळा एक पैसाही लागत नाही. स्त्रीरोग वॉर्डातली कोपऱ्यातली खाट, एक पडदा आणि नातेवाइकासाठी एक खुर्ची पुरते. फुकट होण्यासारखं काम आधी करून घ्या. डॉक्टर आणि सिस्टर तुमच्याकडे गांभीर्याने पाहू लागतात ते इथूनच.

पेटीत काय असावं

आपल्याकडे बाळासाठी बाळंतविडा करतात: टोपरं, झबलं, दुपटं. पेटीची कल्पना त्याच्याच जवळची ठेवा. टोपरी आणि दुपटी प्रत्येकी दोन ठेवा, म्हणजे एक जोड बाळासोबत जातो आणि एक आईकडे राहतो. दुकानातलं नवजात बाळाचं टोपरं या बाळांना फार मोठं होतं, डोळ्यांवर घसरतं, आणि ते दृश्य आईच्या मनातून जात नाही. २८ आठवड्यांच्या बाळाचं वजन साधारण १ किलो आणि डोक्याचा घेर सुमारे २६ सेंटिमीटर असतो, पूर्ण दिवसांच्या बाळाचा ३४ ते ३५. म्हणून २६, ३० आणि ३४ सेंटिमीटर अशी तीन मापं शिवून घ्या आणि पेटीवर बाहेरून माप लिहा. झबली पुढून पूर्ण उघडणारी, बंदांची हवीत. डोक्यातून घालायची असतील तर बाळाची नाजूक त्वचा सोलवटते. जुन्या सुती साडीचं कापड सगळ्यांत मऊ. ते उकळत्या पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून बंद पिशवीत भरा. बचत गटातल्या आणि घरोघरच्या आज्या हे काम मनापासून करतात.

बाकी सामान असं: शाईचा पॅड, ठशांसाठी जाड कागदाची चार कार्डं, जावळाची बट ठेवायला छोटं पाकीट, बाळाच्या हातातल्या नावाच्या पट्टीसाठी दुसरं पाकीट आणि एक माहितीपत्रक.

ठसे घेण्याचं काम सिस्टरला शिकवावं लागतं. पोटात जाऊन वेळ झालेल्या बाळाची त्वचा सुटते, त्यामुळे जन्मानंतर जितक्या लवकर घ्याल तितका ठसा चांगला येतो. पाऊल चोळून पुसू नका, मऊ कापडाने नुसतं टिपा. पॅडवर पाऊल दाबण्यापेक्षा कापसाच्या बोळ्याने शाईचा पातळ थर लावा, कार्ड मागून पुठ्ठ्याचा आधार देऊन पावलाकडे न्या आणि टाचेकडून बोटांकडे एकदाच टेकवा. शाई जास्त झाली की रेषा बुजतात आणि नुसता काळा डाग उरतो. चार कार्डं त्यासाठीच दिलेली आहेत, पहिला ठसा बहुधा बिघडतो.

आईवडिलांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करायचं नाही. फोटो काढायचा तर त्यांच्याच फोनवर, कर्मचाऱ्यांच्या फोनवर कधीही नाही. ‘आम्हाला काही नको’ असं त्या दिवशी पुष्कळ जण म्हणतात, अनेकदा घरची मोठी माणसंच आईच्या वतीने म्हणतात. घरी सोडण्याआधी आईला एकटीला, हळू आवाजात एकदा पुन्हा विचारावं. तरीही नाही म्हणाली तर विषय तिथेच संपवावा.

माहितीपत्रक चार पानांचं पुरे, पण सोप्या मराठीत. दूध येईल, छाती दुखेल, तेव्हा काय करायचं आणि दूध थांबवण्याच्या गोळीबद्दल डॉक्टरांना कधी विचारायचं हे पहिल्याच पानावर हवं, कारण याबद्दल आईला कुणी सावध केलेलं नसतं. ताप, जास्त रक्तस्राव किंवा श्वास लागला तर लगेच परत या. उपजत मृत्यूची नोंद २१ दिवसांत होते, ती हॉस्पिटल करणार की कसं हे विचारून घ्या. झोप-जेवण दोन आठवडे ताळ्यावर येत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो. अर्धं पान बापासाठी ठेवा. तोही रडतो, पण धावपळीचं सगळं त्याच्यावर टाकून घरचे मोकळे होतात.

रक्कम कशी काढायची

समजा, वर्षाला ३६ उपजत मृत्यू होतात. त्यावर २० टक्के जास्तीच्या धरून ४४ पेट्या. एका पेटीचं सामान ३०० रुपयांत बसलं तर १३,२०० रुपये. आठवड्यातून दोन दिवस येणारी समुपदेशक, दिवसाला १,००० रुपये, महिन्याला ८ दिवस: वर्षाचे ९६,०००. घरी गेलेल्या आईला फोन करण्यासाठी वेगळं सिमकार्ड, महिना ३०० प्रमाणे ३,६००. तीस जणींचं एक दिवसाचं प्रशिक्षण: चहा-जेवण १५० प्रमाणे ४,५००, छपाई १,२००, प्रशिक्षकांचा प्रवास ५,०००, मिळून १०,७००. पावतीपुस्तकं आणि हिशेब तपासणी ६,५००. एकूण १,३०,०००. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या बाजारातले भाव घेऊन स्वतःचा तक्ता मांडा.

या तक्त्यात पेट्या फार थोड्या पैशांच्या आणि समुपदेशक सगळ्यांत महाग, हे दिसतंच. लोकांना पेटी आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते, आणि समुपदेशकाच्या मानधनाला पैसे मिळत नाहीत. आमचं मत असं की निधी वेगवेगळा मागू नये. पेटी, त्या दिवशी बोलणारं माणूस आणि नंतरचे फोन असा ‘एका कुटुंबाचा वर्षाचा खर्च’ एकत्र मागावा: १,३०,००० भागिले ३६, म्हणजे सुमारे ३,६०० रुपये. फोन दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात, प्रसूतीची अपेक्षित तारीख पुढे असेल तर त्या सुमाराला आणि वर्षदिनाच्या आधी. नुसती पेटी देऊन माणूस न देणं म्हणजे आईला त्या पेटीसोबत एकटं सोडणं.

पैसे कुणाच्या खात्यात

स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड फिरवू नका. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त मिळालं तर आयकरात ते तुमचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं, आणि लोकांच्या मनात शंका येते ती वेगळीच. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे आधीच नोंदलेल्या, हिशेब चोख असलेल्या न्यासाच्या खात्यात या कामासाठी वेगळं शीर्ष (हिशेबाचं स्वतंत्र सदर) उघडून घेणं. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) तशी मंजुरी असलेल्या नोंदणीकृत संस्थेच्याच पावतीवर मिळते. ती जुनी करप्रणाली निवडलेल्यांनाच उपयोगाची, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर मिळत नाही, हे दात्याला आधीच सांगा. पावतीवर दात्याचा पॅन लागतो. तो नंतर मागत फिरणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून पैसे घेतानाच लिहून घ्या.

न्यास नसेल आणि गट म्हणूनच वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मधल्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच. नंतर हिशेब सादर करावा लागतो.

परदेशातले नातेवाईक उत्साहाने पैसे पाठवतात. पाठवणाऱ्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याने बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून दिले असतील तर अडचण नाही. त्याने अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती रक्कम परदेशी देणगी ठरते. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी नसलेल्या संस्थेने ती घेऊ नये, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. अशा वेळी त्याने तिथल्याच एखाद्या संस्थेला मदत करावी.

तिकिटं विकून लकी ड्रॉ काढण्याची सूचना प्रत्येक बैठकीत येते. शासनाच्या परवानगीशिवाय असा ड्रॉ काढू नका, तो गुन्हा आहे.

आवाहन लिहिताना

आईचं नाव, गाव, फोटो, बाळाचा फोटो यातलं काही नको. तालुक्याच्या गावात ‘गेल्या महिन्यात, आमच्याच गल्लीतली’ एवढ्यावरून सगळ्यांना कळतं. एखाद्या आईला स्वतःहून बोलायचं असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा विचारा, मजकूर तिला वाचून दाखवा, आणि ‘कधीही काढून टाकता येईल’ असं लेखी द्या. ज्या घरात नुकतं हे घडलंय त्यांच्याकडून निधीचं काम करून घेऊ नका. त्यांना करायचंच असेल तर शिवणकाम द्या, हिशेब आणि फोन इतरांनी सांभाळावेत.

भाषा साधी ठेवा. ‘अर्भक’, ‘केस’ असे शब्द टाळा, ‘बाळ’ म्हणा. ‘देवाला प्रिय झालं’, ‘दुसरं होईल’ हे छापील कागदावर येऊ देऊ नका. आईचं काही चुकलं असेल अशी छटा कुठल्याही वाक्यात राहिली नाही ना, हे दोघींनी वाचून पाहा. एक चालणारं आवाहन असं: ‘आमच्या तालुक्यातल्या एका हॉस्पिटलातून दरवर्षी सुमारे ३६ आईबाप बाळाविना घरी जातात. ३,६०० रुपयांत एका कुटुंबाला बाळाच्या पावलांचे ठसे आणि वर्षभर बोलायला एक माणूस मिळतं.’ खाली खाते क्रमांक, जबाबदार व्यक्तीचा फोन आणि जास्त रक्कम जमली तर ती कशाला वापरणार याची एक ओळ.

मागायचं कुठे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाची रक्कम या निधीत द्यायला काही मंडळं तयार होतात. डिसेंबरमध्येच विचारा, जानेवारीत वाणाची खरेदी झालेली असते. गणेश मंडळांशी बोलायचं तर वर्गणी ठरण्याआधी, आषाढात. १५ ऑक्टोबरला जगभर अशा बाळांच्या आठवणीत संध्याकाळी ७ वाजता दिवा लावतात. त्या दिवशी दिवा लावण्याचा छोटा कार्यक्रम चांगला होतो, मात्र तिथे दानपेटी फिरवू नका, दाराशी क्यूआर कोड लावून ठेवा, कारण येणाऱ्यांत अशा आया असतात. डोहाळजेवण किंवा बारशाला हा विषय अजिबात काढू नये. कंपन्यांकडे पहिल्या वर्षी जाऊ नका. त्या मागच्या कामाचा हिशेब मागतात, आणि तो अजून तुमच्याकडे नसतो.

दर महिन्याच्या ५ तारखेला जमा, खर्च, शिल्लक आणि दिलेल्या पेट्यांची संख्या अशा चार ओळी दात्यांना पाठवा. घरांबद्दल काही लिहू नका, आकडेच पुरतात.

पेट्यांच्या कपाटाची किल्ली मेट्रनच्या टेबलात राहिली तर रात्री २ वाजता बाळंत झालेल्या आईला काहीच मिळत नाही. एक किल्ली लेबर रूममध्येच, रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाताशी असावी. महिन्यातून एकदा मापांप्रमाणे मोजणी करा. कोणत्याही मापाच्या ५ पेट्या उरल्या की शिवायला टाका. आधी संपतात बहुधा लहान मापाच्याच.