पाच आणे चार पै : जुन्या मृत्युपत्रातून घराणं कसं शोधावं

बत्तीस वर्षं मी बँकेच्या कर्जखात्यात दुसऱ्यांचे सातबारे तपासले. माहेरचा सातबारा मात्र निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा नीट वाचला, आणि तोही का, तर वाई तालुक्यातल्या आमच्या वाड्याची माळवदाची बाजू उतरवताना पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचं मृत्युपत्र निघालं म्हणून. चार पानं, मोडीत, शेवटी शके १८५६. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३४. (तारीख जानेवारीनंतरच्या पौषातली किंवा माघ-फाल्गुनातली असेल तर ७९ मिळवायचे.)

कागद सापडला की सगळ्यांत आधी त्याचे फोटो काढा. लॅमिनेशन अजिबात करू नका. आमच्या चुलत्यांनी वाटणीपत्राचं केलं, आता त्यातली शाई प्लॅस्टिकला चिकटून बसलीय. मोडी येत नसेल तर वाचून देणारे जाणकार मिळतात. मात्र नुसता सारांश घेऊ नका, ओळीला ओळ असं देवनागरी लिप्यंतर मागा. सारांशात माणसं गळतात. मला आधी मिळालेला सारांश असा होता : ‘सर्व मिळकत दोन मुलांस समान.’ खरा ऐवज पुढे होता.

मृत्युपत्र वाचताना आपली नजर कोणाला काय मिळालं इकडे जाते. घराणं शोधायचं असेल तर उलटीकडून वाचा : कोणाला थोडंसंच दिलंय, कोणाला सांभाळायला सांगितलंय. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत मुलगे असताना मुलींना वडिलांच्या मिळकतीत सहसा वाटा नसे. त्यामुळे बायका सापडतात त्या अन्नवस्त्राच्या कलमात. आमच्या कागदात एका बहिणीला ‘दरसाल दोन लुगडी व जोंधळे दोन मण’ आहेत. ही बहीण आमच्या वंशावळीत नाहीच.

आणि मग हे वाक्य : ‘मजकडील हिश्शाची पाच आणे चार पै मिळकत.’

इथे जरा थांबा, कारण जुन्या कागदातला हिस्सा ही मोजदाद असते. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे पूर्ण मिळकत १९२ पै. पाच आणे चार पै म्हणजे ६४, बरोबर एक तृतीयांश. चार आणे दिसले तर चार वाटेकरी. दोन आणे आठ पै दिसले तर सहावा हिस्सा, म्हणजे बहुधा तिघांतल्या एकाची पुढे दोघांत वाटणी झालेली. आमच्या देवघरातल्या वंशावळीत पणजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू, एवढे दोघेच. दोघे असतील तर प्रत्येकी आठ आणे हवेत. बँकेत असा हिशेब आला असता तर मी प्रकरण परत पाठवलं असतं.

तिसरा शेवटच्या पानावर होता : ‘मधला कोठे आहे ठाऊक नाही. आल्यास परसातली खोली त्यास राहावयास द्यावी. भाडे घेऊ नये.’ त्या खोलीला आम्ही लहानपणापासून गवताची खोली म्हणतो.

तुमच्या घरी मृत्युपत्र नसेल तर दोन वाटा आहेत. पूर्वज मुंबईत वारला असेल किंवा तिथे त्याची मिळकत असेल, तर उच्च न्यायालयात प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घेण्याचं, प्रकरण झालं होतं का ते बघा. मुंबई शहरात १८७० च्या कायद्यापासून हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही ते लागू लागलं. गावाकडे त्याची सक्ती नसे, म्हणून आमच्यासारखे कागद ट्रंकेतच राहतात. दुसरी वाट दुय्यम निबंधकाची. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते, पण केलेली असेल तर ती पुस्तक क्रमांक ३ मध्ये. करणारा हयात असेतो नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो वारल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळते. खिडकीवर ‘तुम्ही वारस आहात का’ असं विचारलं तर नोंदणी कायद्याचं कलम ५७ नम्रपणे दाखवा. मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा.

मृत्युपत्रात माणूस स्वतःचं म्हणणं लिहितो. ते पडताळायचं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या फेरफारांवर, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींवर. इथे माझे चार महिने वाया गेले, आणि चूक माझीच. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन मी जुने फेरफार मागत होते. एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडण्याच्या सरकारी योजनेत, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. १९३४ च्या कागदावर सर्व्हे नंबर असतो. आधी एकत्रीकरणाच्या योजनापत्रकावरून जुना नंबर काढा, मगच अर्ज करा. बत्तीस वर्षं हेच काम करून मी हे विसरले, याचं हसू घरात अजून चालू आहे.

फेरफारात काय बघायचं? ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर एकत्र कुटुंब मॅनेजर : नाव थोरल्याचं एकट्याचं, पण मागे भाऊ आहेत. पोराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे तो अज्ञान, पालनकर्ता अमुक. त्या साली तो अठराच्या आत होता, जन्मसाल आटोक्यात आलं. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, ते पक्कं करता येतं. चतुःसीमा सोडून देऊ नका. पूर्वेला ज्याची जमीन, तो पुष्कळदा एका पिढीमागे वेगळा झालेला भाऊबंदच असतो. मला त्यातून दोन चुलत घरं मिळाली. घराण्याला इनाम असेल तर आणखी मागे जाता येतं : १८५२ च्या कायद्याखाली इनाम कमिशनपुढे लोकांना हक्क शाबीत करावे लागले, त्यासाठी वंशावळी द्याव्या लागल्या. त्या चौकशीचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधायचे. आम्ही साधे रयत, त्यामुळे तिथे माझं काम पडलं नाही.

अडचण ऑफिसपेक्षा घरात जास्त येते. मी फेरफार मागवतेय हे कळल्यावर चुलतभावाचा फोन आला, ‘ताई, हिस्सा मागायचा विचार आहे का?’ माहेरवाशिणीनं जुने कागद काढले की गावाला दुसरं काही सुचतच नाही. मी वादात शिरले नाही. वडील गेल्यावर आम्ही बहिणींनी सही केलेल्या हक्कसोडपत्राची झेरॉक्स त्याला पाठवली. त्यानंतर रेकॉर्ड रूममध्ये तोच माझ्याबरोबर येऊ लागला, आणि धुळीचे गठ्ठे उतरवायला त्याचा उपयोगही झाला.

मधल्याच्या नावापुढे शेरा निघाला, ‘परागंदा’. पण १९५२ चा एक फेरफार वारसाचा होता : मयताची बायको आणि मुलगा, राहणार परळ, मुंबई. म्हणजे गावाला ठावठिकाणा लागला होता. मुंबईची माणसं गावची जमीन ठेवून काय करणार, त्यांनी विकली असणार, असा अंदाज बांधून मी निबंधकाकडे पुढच्या वर्षांचा शोध घेतला. सूची १ नावावरून चालते, सूची २ मिळकतीवरून. नावाच्या स्पेलिंगचे घोळ असतात म्हणून मी नेहमी दोन्ही बघते. खरेदीखत पुस्तक १ मध्ये असतं, ते कोणालाही पाहता येतं. जुन्या खरेदीखतात प्रत्येकाचं वय, धंदा आणि राहणं लिहिलेलं असतं, ते मृत्युपत्रातही इतकं मिळत नाही.

१९५३ चं खत निघालं. लिहून देणार : विधवा, वय ५०, धंदा घरकाम, मुलगा, वय २४, धंदा गिरणीत नोकरी. बाईच्या नावापुढे ‘निशाणी डावे हाताचा आंगठा’. जमीन गावातल्याच एकानं घेतली होती. चुलतभाऊ मोबाइलच्या उजेडात खालच्या ओळी वाचत होता, आणि साक्षीदारांपाशी थबकला. साक्षीदार क्रमांक २ : आमचे आजोबा.

देवघरातली वंशावळ आजोबांच्याच हातची आहे. खाली तारीख आहे, रामनवमी, शके १८८३. म्हणजे १९६१.