घसरलेलं रेटिंग कसं सावरलं

आमच्या दुरुस्ती-सेवेच्या गूगल प्रोफाइलवर जेमतेम ९ रिव्ह्यू होते, सगळे पाच तारे. एका रात्रीत एक-एक ताऱ्याचे तीन पडले आणि सरासरी थेट ४.० वर आली. रिव्ह्यू थोडे असले की असंच होतं. ९० असते तर ४.९ च्या आसपास राहिलो असतो.

आधी बिलं काढली. तिघांपैकी दोन नावं त्यांत कुठेच नव्हती आणि दोघांचा मजकूर जवळपास सारखाच. ते दोन्ही रिव्ह्यू तीन टिंबांच्या मेनूतून रिपोर्ट केले. ‘हे खोटं आहे’ म्हणून ओरडून भागत नाही; गूगलचं धोरण कुठे मोडलंय ते कारण निवडावं लागतं. ग्राहक आणि दुकानदाराच्या वादात गूगल पडत नाही. एक काढला गेला. दुसऱ्यासाठी अपील केलं, तो अजून तिथेच आहे.

तिसरा खरा ग्राहक, पार्टसाठी ताटकळलेला. त्याला सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं: “पार्ट आज आलाय. उद्या सकाळी माणूस येईल, चालेल ना?” काम झालं, आणि त्याने आपणहून चार तारे केले. (सफाई देणारी लांबलचक उत्तरं कुणी वाचत नाही, माझं तरी हेच मत.)

तारे विकत घ्यायचा सल्लाही मिळाला. तो कानाआड केला. आता बिलासोबत रिव्ह्यूची लिंक प्रत्येकाला जाते, नाराज ग्राहकालाही. फक्त खूश लोकांनाच विचारणं किंवा रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणं, दोन्ही धोरणात बसत नाही.