पुराणकथा आणि परीकथा ऑडिओबुकमधून कशा ऐकाव्यात

पुराणकथा आणि लोककथा यांचा फार मोठा भाग मुळात ऐकण्यासाठीच घडलेला आहे. महाभारत उग्रश्रवा सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगतो, आणि तो जे सांगतो ते वैशंपायनाने जनमेजयाच्या सर्पसत्रात आधीच सांगितलेले असते. म्हणजे सांगणारा आणि ऐकणारा हे दोघेही ग्रंथातच बसलेले आहेत. आपल्याकडील श्रावणातील कहाणीही ‘ऐका आदित्यराणूबाई, तुमची कहाणी’ अशा हाकेनेच सुरू होते. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या इलियड आणि ओडिसी या महाकाव्यांच्या बाबतीत अमेरिकी अभ्यासक मिल्मन पॅरी आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातील निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांच्या आधारे असे मांडले की, या काव्यांत पुन्हा पुन्हा येणारी ठरावीक विशेषणे आणि ओळी हे तोंडी रचनेचे साधन आहे. हे सारे पाहता या कथांना ऑडिओबुक परके वाटण्याचे काहीच कारण नाही. तरीही मोठ्या उत्साहाने सुरू केलेले महाकाव्य पहिल्या दोन-तीन तासांतच सुटून जाते, असा अनुभव अनेकांना येतो. दोष बहुतेक वेळा कथेचाही नसतो आणि श्रोत्याचाही नसतो. चुकीचा पाठ निवडलेला असतो किंवा ऐकण्याची रीत त्या कथेला मानवणारी नसते.

म्हणून ॲप किंवा निवेदक शोधण्यापूर्वी आपल्याला नेमका कोणता पाठ ऐकायचा आहे, हे ठरवावे. एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी मिळतात: मूळ ग्रंथाचे पूर्ण भाषांतर, त्याचा संक्षेप, आणि एखाद्या लेखकाने आपल्या शब्दांत केलेले पुनर्कथन. तिन्हींना आपापली जागा आहे, पण एक समजून दुसरे ऐकले तर पदरी निराशा पडते. ग्रिम बंधूंच्या कथा हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये आला, आणि विल्हेल्म ग्रिम त्या कथांवर पुढे कित्येक वर्षे हात फिरवीत राहिले. आज बहुतेक भाषांतरे १८५७च्या सातव्या आवृत्तीवरून केलेली असतात. हान्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडून यायला लावणारी बाई १८१२च्या पाठात त्यांची सख्खी आई आहे, नंतरच्या आवृत्त्यांत ती सावत्र आई झाली. बेडूक राजपुत्राच्या कथेत राजकन्या बेडकाचे चुंबन घेते अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण ग्रिम यांच्या पाठात ती संतापून त्याला भिंतीवर फेकते आणि त्यानंतर त्याचा राजपुत्र होतो. ऑडिओबुकच्या वर्णनात भाषांतरकाराचे नाव आणि शक्यतो आधारभूत आवृत्ती दिलेली असेल, तर तो पाठ विश्वासाचा मानावा. भाषांतरकाराचे नावच नसेल, तर ते पुनर्कथन आहे असे गृहीत धरून ऐकावे.

विनामूल्य ऐकायचे असल्यास लिब्रिवॉक्स हे पहिले ठिकाण आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात. ग्रिम, अँडरसन, अँड्र्यू लँग यांचे रंगांच्या नावांनी ओळखले जाणारे परीकथासंग्रह, होमरची दोन्ही महाकाव्ये असे पुष्कळ साहित्य तेथे इंग्रजीत आहे. निवड करताना एक बाब आवर्जून पाहावी. काही ध्वनिमुद्रणे आरंभापासून शेवटपर्यंत एकाच वाचकाची असतात, तर काहींत प्रत्येक प्रकरण निराळ्या व्यक्तीने वाचलेले असते. सुट्या परीकथांच्या संग्रहात आवाज बदलत गेला तरी फारसे बिघडत नाही, पण ओडिसीसारख्या अखंड काव्यात दर प्रकरणाला नव्या आवाजाशी जुळवून घेण्यातच श्रोत्याची शक्ती खर्च होते, म्हणून तेथे एकाच वाचकाचे ध्वनिमुद्रण निवडावे. हक्क संपलेली भाषांतरे अर्थातच जुनी असतात आणि त्यांचे काही विशेष आधीच माहीत असलेले बरे. सॅम्युएल बटलर यांच्या १९०० सालच्या गद्य ओडिसीत ग्रीक नावांऐवजी रोमन नावे आहेत: ओडिसियसचा युलिसिस, अथीनाची मिनर्व्हा, पोसायडनचा नेपच्यून आणि झ्यूसचा जोव्ह. हे ठाऊक नसेल तर श्रोता पहिल्याच प्रकरणात गोंधळतो.

पैसे खर्च करण्याची तयारी असेल तर अलीकडची भाषांतरे उत्तम निवेदकांच्या आवाजात मिळतात. एमिली विल्सन यांचे २०१७ मधील ओडिसीचे भाषांतर छंदोबद्ध असूनही सोप्या, आजच्या इंग्रजीत आहे. क्लेअर डेन्स यांनी केलेले त्याचे वाचन तेरा तासांच्या आसपास आहे. छंदाची लय कानाला आधार देते, त्यामुळे दोन्ही पर्याय समोर असल्यास मी पद्य भाषांतराकडेच वळेन. मराठीत ऐकायचे असेल, तर २०१७ मध्ये भारतात सुरू झालेल्या स्टोरीटेल या ऑडिओबुक ॲपवर सुरुवातीपासून मराठी पुस्तके आहेत. पौराणिक कादंबऱ्या आणि मूळ कथांची पुनर्कथने या दोहोंतील भेद मात्र तेथेही श्रोत्याने स्वतःच ओळखून घ्यायला हवा.

पाठ ठरला की मग आवाज. बहुतेक ऑडिओबुकचा नमुना विनामूल्य ऐकता येतो, पण त्याचे पहिले मिनिट बहुधा प्रस्तावनेचे असते आणि त्यावरून काहीच कळत नाही. नमुन्यात संवादाचा भाग कोठे येतो ते पाहून तो ऐकावा. निवेदक राक्षसासाठी गुरगुरतो आणि राजकन्येसाठी किनऱ्या आवाजात बोलतो, असे आढळले तर सात-आठ तास ते सोसवेल का, याचा विचार करावा. चांगला कथेकरी पात्रांच्या आवाजाची नक्कल करीत नाही. केवळ गतीत आणि ठेक्यात थोडा फरक करून तो बोलणारे माणूस बदलल्याचे जाणवून देतो. पार्श्वसंगीत आरंभी आणि शेवटी असावे. सतत वाजणारी बासरी आणि वारंवार कडाडणाऱ्या विजा शब्दांवर कुरघोडी करतात. मराठी ध्वनिमुद्रण निवडताना उच्चार तपासावेत, कारण यंत्राने तयार केलेल्या आवाजांचे प्रमाण आता वाढले आहे. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ सारखाच उच्चारला जात असेल, किंवा ‘जनमेजय’ आणि ‘धृतराष्ट्र’ या नावांवर आवाज अडखळत असेल, तर ते ध्वनिमुद्रण सोडून द्यावे.

अनेक कलाकारांनी नाट्यरूपात सादर केलेली परीकथा आकर्षक वाटते, तरी मी एकाच निवेदकाचा आग्रह धरतो, आणि त्याचे कारण कथेच्या घडणीत आहे. डॅनिश लोकसाहित्यविद आक्सेल ओल्रिक यांनी १९०९ मध्ये लोककथांचे काही नियम मांडले. लोककथेत एका प्रसंगात बहुधा दोनच पात्रे समोरासमोर असतात, महत्त्वाची घटना तीनदा घडते, आणि कथानक एकाच धाग्याने पुढे सरकते. मागे राहिलेला भाग सांगण्यासाठी ते उलटे वळत नाही. कानाने ऐकणाऱ्याला हरवू न देणारी ही रचना आहे. दोनच पात्रे बोलत असताना तिसऱ्या, चौथ्या आवाजाची गरज पडत नाही आणि एकच माणूस ती कथा पूर्णपणे पेलू शकतो. ओल्रिक यांचे हे नियम मनात ठेवून एखादी कथा ऐकावी. पहिले दोन भाऊ अपयशी ठरल्यावर तिसरा निघतो, तेव्हा त्याच शब्दांची पुनरावृत्ती कंटाळवाणी न वाटता उत्कंठा वाढवू लागते.

मोठ्या ग्रंथांच्या बाबतीत क्रमाचा प्रश्न येतो, आणि येथे मी पहिल्या पानापासून सुरुवात करण्याचा हट्ट सोडण्याची शिफारस करीन. ओडिसीचे २४ सर्ग आहेत. पहिले चार ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस याच्याभोवती फिरतात आणि स्वतः नायक पाचव्या सर्गात दिसतो. नव्या श्रोत्याने नववा ते बारावा हे चार सर्ग आधी ऐकावेत. फीशियन लोकांच्या राजवाड्यात मेजवानीनंतर ओडिसियस स्वतः आपली कहाणी सांगतो ती याच सर्गांत; एकाक्ष सायक्लॉप्स, सर्सी, मृतांचा लोक, सायरन आणि स्किला हे सारे येथेच भेटतात. शिवाय हा भाग एका माणसाने जमलेल्या मंडळींना तोंडी सांगितलेला असल्यामुळे कानांवर तो सर्वांत सहज उतरतो. त्यानंतर पहिल्या सर्गाकडे जावे. इलियडच्या दुसऱ्या सर्गातील जहाजांची लांबलचक यादी पहिल्या वेळी वगळली तरी चालेल.

महाभारताचे १८ पर्वांचे पूर्ण भाषांतर ऐकायला घेतल्यास आदिपर्वातील वंशावळींत अडकण्याची शक्यता मोठी असते. त्याऐवजी वनपर्वातील उपाख्यानांनी प्रारंभ करावा. द्यूतात सर्वस्व गमावलेला युधिष्ठिर माझ्याहून दुःखी राजा कोणी झाला आहे का, असे विचारतो, तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला नल-दमयंतीची कथा सांगतात. द्रौपदीसारखी पतिव्रता आपण कोणी पाहिली वा ऐकली आहे का, या त्याच्या प्रश्नाला मार्कंडेय सावित्रीच्या आख्यानाने उत्तर देतात. दुःखात असलेल्या माणसाला सांगितलेल्या या कथा आहेत, आणि युधिष्ठिराची ती अवस्था ध्यानात ठेवून ऐकल्या म्हणजे त्यांचा अर्थ फार खोल जातो. ११व्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात कथेतून कथा निघतात आणि कोण कोणाला काय सांगत आहे हे कानाने धरून ठेवणे अवघड होते. म्हणून तेथे आधी त्यातलीच वेताळाची पंचविशी ऐकावी, कारण तिची चौकट दर कथेला नव्याने स्पष्ट होते.

ऐकण्याची गती वाढवू नये. माहितीपर पुस्तकासाठी दीडपट गती उपयोगी असेलही, पण कथेतील विराम हा कथेचाच भाग असतो आणि गती वाढवली की पहिल्यांदा विरामच नाहीसे होतात. एका बैठकीत किती ऐकावे, याचा चांगला आदर्श महाराष्ट्रापाशी आहे. १९५५ मध्ये रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने गीतरामायण सुरू केले, तेव्हा संपूर्ण रामकथा ५६ गीतांत, आठवड्याला एक याप्रमाणे, वर्षभर लोकांपर्यंत गेली. दोन गीतांमधल्या त्या आठवड्यात गीत घरोघरी गुणगुणले जाई आणि पुढच्या प्रसंगाची वाट पाहिली जाई. ऑडिओबुकच्या श्रोत्यानेही महाकाव्याचा दिवसाला एकच सर्ग घ्यावा, आणि परीकथा असतील तर एका वेळी एक, फार तर दोन. एकामागून एक दहा परीकथा ऐकल्यास सगळ्या राजकन्या एकसारख्या होतात. ॲपमधील आपोआप पुढचे प्रकरण सुरू होण्याची सोय बंद ठेवावी आणि रात्री ऐकताना झोपेचा टायमर लावावा. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, ओळखीच्या रस्त्याने चालणे ही हातापायांची कामे ऐकण्याला पूरक आहेत. ज्या कामात शब्द वाचावे किंवा लिहावे लागतात, ते करताना मात्र कथा ऐकू नये. जवळ एक कागद ठेवून नव्या पात्रांची नावे आणि नाती लिहीत जावे. ग्रीक पुराणकथांत हा कागद दोन-तीन दिवसांतच अनमोल ठरतो.

मुलांसाठी लावायची कथा पालकांनी आधी स्वतः शेवटपर्यंत ऐकलीच पाहिजे. ग्रिम यांच्या सिंड्रेलाच्या कथेत सावत्र बहिणी जोड्यात पाय बसावा म्हणून अंगठा आणि टाच कापून घेतात व शेवटी पक्षी त्यांचे डोळे फोडतात. हिमगौरीची दुष्ट राणी तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचते. लाल टोपीवाल्या मुलीची कथा फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या १६९७च्या संग्रहात लांडग्याने तिला खाऊन टाकल्यावर संपते, तर ग्रिम यांच्याकडे शिकारी येऊन तिला आणि आजीला वाचवतो, म्हणजे नुसत्या शीर्षकावरून शेवट कळत नाही. क्रौर्याचा प्रसंग आहे म्हणून कथाच टाळावी असे मला वाटत नाही, पण मुलाचे वय आणि स्वभाव पाहून ती दिवसा, मोठ्या माणसाने शेजारी बसून ऐकवावी. मूल मध्येच प्रश्न विचारेल तेव्हा ध्वनिमुद्रण थांबवून उत्तर द्यावे, आणि तीच कथा पुन्हा मागेल तेव्हा ती पुन्हा लावावी. ऐकून झाल्यावर लगेच तात्पर्य विचारू नये.

याच्याच जोडीला घरातील कहाण्यांचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे, असे मनापासून सुचवावेसे वाटते. छापील कहाणीसंग्रह सहज मिळतात, पण आजी किंवा आत्या कहाणी सांगताना जेथे थांबते, जे शब्द आपल्या गावच्या बोलीत बदलते, ते कोणत्याही पुस्तकात नसतात. त्यासाठी साधा मोबाइल पुरतो. पंखा आणि दूरदर्शन संच बंद करून, खिडक्या लावून, फोन सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवावा आणि विमान मोड सुरू करावा, म्हणजे मध्ये घंटी वाजणार नाही. समोर एखादे ऐकणारे मूल बसवावे, कारण फोनला उद्देशून सांगितलेली कहाणी कोरडी होते. ‘उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका’ आणि ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे शेवटचे शब्द पूर्ण होईपर्यंत ध्वनिमुद्रण थांबवू नये. फाइलला कहाणीचे नाव, सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख द्यावी आणि तिची एक प्रत फोनबाहेर दुसऱ्या ठिकाणी लगेच साठवून ठेवावी.