डेटाबेस लांबून लागत नाही? सर्व्हरला हात लावण्याआधी हे जवळ ठेवा

व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस टाकलाय, सर्व्हरच्या आत सगळं सुरळीत चालतंय, पण घरच्या लॅपटॉपवरून काही केल्या लागत नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट सेटिंगच्या फाइलींना हात घालतात. कृपा करून थांबा. एकदम चार गोष्टी बदलल्या की कुठे अडलं होतं ते नंतर शोधूनही सापडत नाही. ५४३२ हा पोस्टग्रेच्या पोर्टचा, म्हणजे मशीनवरच्या त्याच्या दाराचा, क्रमांक. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरत असाल तर खाली ५४३२ च्या जागी ३३०६ वाचा. फाइलींची नावं वेगळी असली तरी शोधायची रीत तीच.

पहिली तयारी म्हणजे आत शिरायची दुसरी वाट. प्रोव्हायडरच्या पॅनेलमध्ये ब्राउझरातून उघडणारा कन्सोल असतो, त्यात आत्ताच लॉगिन करून बघा. तो आहे एवढं माहीत असणं पुरत नाही. कितीतरी क्लाउड इमेजमध्ये (सर्व्हरच्या तयार साच्यांमध्ये) लॉगिन फक्त एसएसएच कीने (लांबून शिरायच्या किल्लीच्या फाइलीने) होतं, पासवर्ड ठेवलेलाच नसतो, आणि कन्सोल नेमका पासवर्ड मागतो. मला हे फार महागात पडून कळलं. एसएसएचच्या पोर्ट २२ ला परवानगी न देताच मी यूएफडब्ल्यू (सर्व्हरच्या आतली फायरवॉल) चालू केलं. उघडं सेशन चालतच राहिलं, त्यामुळे काहीच जाणवलं नाही आणि रात्री लॅपटॉप मिटला. सकाळी नवं सेशन लागेना, कन्सोल आत घेईना. शेवटी रेस्क्यू मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या सिस्टिममध्ये) डिस्क माउंट करून यूएफडब्ल्यूच्या फाइलीत 'एनेबल्ड'पुढे 'नो' लिहिलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. म्हणून कन्सोलसाठी पासवर्ड ठेवून घ्या, स्नॅपशॉट (सर्व्हरची आहे तशी प्रत) काढा, एसएसएचची एक खिडकी काम संपेपर्यंत मिटू नका. फायरवॉलला हात लावण्याआधी टीमक्समध्ये (एसएसएच तुटलं तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) '६०० सेकंद थांब आणि यूएफडब्ल्यू बंद कर' अशा अर्थाची ओळ चालू करून ठेवा. चुकलंच तर दहा मिनिटांत दार आपोआप उघडतं.

मग कागद घ्या. त्यावर सर्व्हरचा सार्वजनिक आयपी लिहा, आणि मशीनच्या आत जो दिसतो तोही लिहा. पुष्कळ ठिकाणी आत १० किंवा १७२ ने सुरू होणारा खासगी पत्ता असतो आणि सार्वजनिक पत्ता प्रोव्हायडर बाहेरच्या बाहेर जोडून देतो. अशा मशीनवर लिसन-ॲड्रेसेसपुढे (डेटाबेस कोणत्या पत्त्यावर ऐकेल त्या सेटिंगपुढे) सार्वजनिक पत्ता टाकला तर सर्व्हिस त्यावर ऐकूच शकत नाही. तिथे खासगी पत्ताच हवा. स्वतःच्या इंटरनेटचा बाहेरून दिसणारा आयपीही लिहून ठेवा. घरच्या कनेक्शनचा तो बदलत राहतो, कालच्या पत्त्याला दिलेली परवानगी आज उपयोगाची नसते.

यानंतर एरर, शब्दन् शब्द. 'लागत नाही' असं लिहिलंत तर त्यावरून कुणालाच काही कळणार नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं तर बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. बराच वेळ ताटकळून 'टाइम्ड आउट' आलं तर वाटेत कुणीतरी पॅकेट गुपचूप टाकून देतंय. 'नो पीजी-एचबीए एंट्री' (पीजी-एचबीए म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी पोस्टग्रेची फाइल) आलं तर खूश व्हा, नेटवर्क पूर्ण साफ आहे. त्याच ओळीत सर्व्हरला तुमचा कोणता आयपी दिसतो तेही छापलेलं असतं, ते उतरवून घ्या. पिंग (मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) चालतं की नाही यावरून मात्र काही ठरवू नका. पिंग वेगळं, पोर्ट वेगळं.

रिफ्यूज्ड असेल तर सर्व्हरवर सुडो (प्रशासकाचा अधिकार) लावून 'एसएस'ला, म्हणजे कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय ते दाखवणाऱ्या कमांडला, 'टीएलएनपी' जोडून चालवा. ५४३२ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं की उत्तर मिळालं, कारण पोस्टग्रे मूळ सेटिंगमध्ये फक्त लोकलहोस्टवर (त्याच मशीनच्या आतून) ऐकतो. लिसन-ॲड्रेसेस बदलल्यावर रीस्टार्टच लागतो, रीलोडने भागत नाही. पीजी-एचबीएला रीलोड पुरतो, पण तिथे वरून खाली जी ओळ आधी जुळेल तीच धरली जाते.

टाइम्ड आउटला टीसीपीडम्पसारखं (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं) हत्यार नाही, ते आधीच इन्स्टॉल करून ठेवा. सर्व्हरवर ते पोर्ट ५४३२ वर लावायचं आणि लॅपटॉपवरून एनसीने (पोर्ट लागतं का ते बघणाऱ्या कमांडने) हाक मारायची. स्क्रीनवर तुमच्या आयपीची, चौकटी कंसात 'एस' (जोडणीची पहिली विनंती) असलेली ओळ येते, थोड्या वेळाने पुन्हा तीच, पुन्हा तीच, आणि परतीची एकही नाही. याचा अर्थ पॅकेट दारात पोचलं आणि मशीनच्या आतल्या फायरवॉलने गिळलं, कारण टीसीपीडम्प येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी बघतो. एकही ओळ उमटली नाही तर आत शोधत बसू नका. अडलंय ते बाहेर, प्रोव्हायडरच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (मशीनबाहेरच्या फायरवॉलमध्ये) किंवा तुमच्याच ऑफिसच्या नेटवर्कमध्ये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, नवा आयपी सिक्युरिटी ग्रुपमध्ये घालून, एकदा करून बघितलं की त्या दोघांतलं कोण ते कळतं.

डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात) असेल तर उलटी काळजी घ्या. डॉकर पोर्ट उघडताना स्वतःचे नियम लिहितो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालतो. बंद आहे असं समजून निर्धास्त राहिलेलं पोर्ट जगाला उघडं असू शकतं.

आणि एक विचार आधीच करून ठेवा, पोर्ट उघडायलाच हवं का? एकट्या माणसाला डेटा बघायचा असेल तर एसएसएच टनेलने (एसएसएचच्या आतून जाणाऱ्या वाटेने) लॅपटॉपचं ५४३३ सर्व्हरच्या ५४३२ ला जोडा. डेटाबेस लोकलहोस्टवरच राहतो. मी तरी हेच सुचवतो. उघडणं भागच असेल तर फक्त त्या एका आयपीला उघडा. तपासासाठी ०.०.०.०/० ला, म्हणजे सगळ्या जगाला, दिलेली परवानगी त्याच बैठकीत काढा, काढल्यावर दुसऱ्या नेटवर्कवरून हाक मारून ती खरंच बंद झाली का ते बघा. मगच टीमक्समधली ६०० सेकंदांची ओळ थांबवा. ती विसरलात तर फायरवॉल तिच्या वेळेला निमूट बंद होईल.