लेबल नसलेला गिझर: घर घेण्याआधी काय तपासावं

मी दर्यापूर तालुक्यात बावीस वर्षं वायरमनचं काम करतो. दिवाळी सरली की लोक घरं पाहायला नेतात. इसार द्यायच्या आधी वायरिंग बघून द्या म्हणतात. न्हाणीत गेलं की मी आधी गिझरचं लेबल शोधतो आणि निम्म्या घरांत ते सापडत नाही. मालक म्हणतो, "भाऊ, नवाच हाये, पाच वर्सं बी नाई झाले." लेबल नसलं की आपल्या हाती त्याचा शब्द तेवढा राहतो.

शब्दावर विश्वास ठेवून मी एकदा चुकलो आहे. बहिणीनं भाड्याचं घर घेतलं, मालकानं गिझर दोन हजार वॅटचा सांगितला. लाइन दीड चौरस मिलिमीटरच्या वायरची होती. आठ-नऊ अँपिअर निभावून नेईल म्हणून मी तशीच ठेवली. तिसऱ्या आठवड्यात तिचा सकाळी फोन आला, "दादा, बोर्डातून वास येऊन रायला." जाऊन पाहतो तर सॉकेट काळं पडून वितळलेलं, प्लगची एक पिन त्यातच चिकटलेली. भाची अर्ध्या तासापूर्वी तिथंच अंघोळ करून शाळेत गेली होती. गिझर मोजला तर तीन हजारांचा निघाला, म्हणजे तेरा अँपिअर. तेव्हापासून मी मोजल्याशिवाय हो म्हणत नाही.

आधी लेबल नीट शोधा. समोरचं तारांकनाचं मोठं स्टिकर वेगळं. आपल्याला हवं ते लहान लेबल बहुधा गिझरच्या बुडाशी किंवा कडेला, भिंतीकडच्या बाजूला असतं. मोबाइल फ्लॅश लावून भिंतीच्या फटीत सरकवा आणि फोटो काढा. त्यावर व्होल्ट, वॅट, लिटर, दाब आणि अनुक्रमांक असतो, बहुतेकांवर बनवल्याचा महिना-वर्षही. आयएसआयच्या खुणेवर साठवणीच्या गिझरसाठी आयएस २०८२ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. लेबल गेलंच असेल तर खरेदीचं बिल किंवा वॉरंटी कार्ड मागा. तेही नसेल तर मोजायला लागा.

वॅट काढायला मल्टिमीटर पुरतं. बटण बंद करा, प्लग काढा, पाणी थंड असू द्या, थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान ठरवणारा, नॉब असेल तर पूर्ण वाढवा. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून प्लगच्या दोन बारीक पिनांना लावा. २६ च्या आसपास आलं तर गिझर २००० वॅटचा, १८ च्या आसपास आलं तर ३००० चा. मग एक टोक जाड पिनेला, म्हणजे अर्थिंगला, लावून दुसरं दोन्ही बारीक पिनांना आळीपाळीनं लावा. इथं काहीच दिसायला नको. आकडा आला तर एलिमेंटमधून, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलमधून, वीज गळतेय, त्या गिझरला बटणसुद्धा लावू नका. आकडा आला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. मल्टिमीटरच्या छोट्या सेलला जे दिसत नाही ते मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणारं यंत्र, दाखवतं, म्हणून वायरमनकडून मेगर लावून घ्या.

मल्टिमीटर नसेल तर वीज मीटरवर मोजा. त्यावर एक युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं सगळं, फ्रिजसकट, बंद करून फक्त गिझर लावा आणि एक मिनिट मोजा. १०७ च्या जवळ आले तर २००० वॅट, १६० आले तर ३०००. मात्र व्होल्टेज कमी असेल तर हा हिशोब फसतो. १८० व्होल्टवर दोन हजारांचा गिझर जेमतेम सव्वाबाराशे वॅट ओढतो आणि दिवा ६५ वेळाच लुकलुकतो. माझा भरवसा ओहमवर.

आकडा कळला की लाइन पाहा. २००० ला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३००० ला चारची, सोळा अँपिअरचं सॉकेट, खरं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. लिटर कळायचे असतील तर गरम पाणी बादलीनं मोजा, त्यात फार वेळ घालवू नका.

लेबल नसल्याची खरी अडचण दाबाची आहे. स्लॅबवरची टाकी गिझरपासून तीन-चार मीटर वर असते. बार हे दाबाचं माप; दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे आपल्याकडे अर्धा बारही भरत नाही. पण थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी उकळत राहिलं तर आतला दाब वाढत जातो. तो सोडायला गार पाण्याच्या नळीवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, तेच गिझरमध्ये जातं. क्षार बसून व्हॉल्व्हचा दांडा दगडासारखा घट्ट होतो. गिझर बंद आणि पाणी थंड असताना तो दांडा उचलून पाहा, पाणी बाहेर यायला हवं. ठिबकतो म्हणून कुणी तिथं बूच मारलं असेल तर तो गिझर चालू करू नका. आता व्हॉल्व्ह बदलायचा म्हटलं तर नवा किती बारचा घ्यायचा? गिझरची आतली टाकी साडेसहा बारची असेल आणि तुम्ही आठचा व्हॉल्व्ह लावला, तर टाकीची मर्यादा ओलांडली तरी तो उघडणार नाही. हा आकडा बाहेरून मोजता येत नाही. म्हणून लेबल नाही आणि व्हॉल्व्ह खराब, असं दोन्ही असेल तर मी गिझरच बदलायला सांगतो.

वयही मोजता येत नाही. खालच्या जोडावर तांबूस ओघळ, नळीच्या आट्यांवर पांढरा थर, तापताना आतून खडखड, एवढं दिसलं तर मालक काहीही म्हणो, जुना समजूनच भाव करा.

गॅस गिझरला लेबल नसेल तर मोजमापाच्या भानगडीत पडूच नका. तो सिलिंडरच्या गॅससाठी आहे की पाइपच्या, हेही कळत नाही. ज्योत नीट जळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि बंद न्हाणीत माणूस आवाज न देता पडतो. असा गिझर काढायला लावूनच व्यवहार करा, आणि नवा लावला तरी न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत.

इसार चिठ्ठीत एक ओळ घाला: 'न्हाणीतल्या गिझरला लेबल नाही, अमुक तारखेला मोजून इतके ओहम, व्हॉल्व्ह चालतो किंवा चालत नाही.' मालक सही करायला कचरला तर किमतीतून नव्या गिझरचे पैसे वजा करा. बहिणीच्या घरी मी चारची नवी लाइन ओढली आणि व्हॉल्व्ह तपासला. मग जाड पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून, वर पारदर्शक टेप लावून गिझरखाली चिकटवलं: ३००० वॅट, १८ ओहम, वायर ४ ची, दाब माहीत नाही, व्हॉल्व्ह बिघडला तर गिझर बदलायचा.