भाकड जनावर दारात आणण्याआधी

कुणी सोडलेलं किंवा सोडवून आणलेलं भाकड जनावर सांभाळायला घ्यायचं असेल तर पहिलं काम वैरणीचा हिशेब. प्रौढ देशी गाईला किंवा बैलाला रोज साधारण १५ किलो ओली आणि ५ किलो सुकी वैरण लागते. जर्सी किंवा होल्स्टिन अंगानं थोराड असेल तर त्याहून जास्त. म्हणजे एका जनावराला वर्षाला नुसता कडबा-पिंजारच दोन टनांच्या आसपास. हे जनावर दूध देणार नाही, नांगर ओढणार नाही, आणि नीट सांभाळलं तर गाय १८-२० वर्षं जगते. सातव्या-आठव्या वर्षी भाकड ठरवून सोडलेली जर्सी तुमच्याकडे आली तर ती अजून दहा वर्षं दावणीला असणार, असं धरून चाला. तेव्हा शेण कोण काढणार, मुलगा पुण्याला गेला तर वैरण कोण कापणार, हे घरच्यांना बसवून आत्ताच विचारायचं. गोठा सामाईक असेल तर भावकीलाही. ‘बघू की पुढचं पुढं’ असं उत्तर आलं, तर जनावर आणू नका. पांजरपोळाला (अशी जनावरं सांभाळणाऱ्या संस्थेला) दरमहा वैरणीचे पैसे द्या, तेही कामच आहे.

कुठून आणायचं, हे दुसरं. पोलिसांनी अडवलेल्या गाडीतून उतरवलेली जनावरं खटला चालू असेपर्यंत मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा, असतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्यांना पांजरपोळात किंवा गोशाळेत सांभाळायला देतात. निकालाआधी कुणी ‘घेऊन जा, काही होत नाही’ म्हणालं तरी हात लावू नका. न्यायालयाचा आदेश बघा, संस्थेकडून लेखी हस्तांतरपत्र घ्या आणि त्यावर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक लिहून घ्या. बिल्ला नसेल तर आधी मारून घ्या.

मी मात्र आधी शेजारचा गोठा बघायला सांगेन. कोल्हापूर म्हशीच्या दुधाचं गाव. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला आपण उभे राहतो, पण त्या म्हशीच्या रेडकाचं काय होतं ते कुणी विचारत नाही. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हैस-रेडा त्यात येत नाही. त्यामुळे ज्याला वाचवायचंच आहे त्यानं रेडकाचा विचार जरूर करावा. गळ्यात हार घालून फोटो काढण्यासारखं ते नसतं, हे कबूल.

जनावर बघायला जाताना सोबत पशुवैद्यक न्या. दात बघून वय कळतं: दुदाती, चौदाती, सहादाती, जुळलेला (आठही दात आलेला). जुळलेल्यानंतर मात्र अंदाजच. ओढकाम केलेल्या बैलाच्या खांद्यावर जुवाची सूज किंवा जखम आहे का ते चाचपा. एक शिंग झुकलेलं, डोकं सारखं हलवणं, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त, ही शिंगाच्या कर्करोगाची लक्षणं. म्हाताऱ्या बैलांत तो आढळतो. शहरात मोकाट फिरलेल्या गाईचं पोट डाव्या बाजूनं कायम फुगलेलं असेल तर आत प्लास्टिक असण्याची शक्यता धरा. ऑपरेशन करून ते काढता येतं, पण खर्च आणि महिनाभराची देखभाल तुमच्या माथी. गाय-म्हैस असेल तर ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी टाळू नका. तो रोग माणसालाही होतो. शेळ्या घेत असाल तर पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराची लस विचारा.

गोठा आपल्या पावसाला टिकेल असा हवा. गाईला छताखाली किमान साडेतीन चौरस मीटर आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा धरा. कोबा घसरता नको, उतार मोरीकडे असावा. गगनबावडा-राधानगरीकडे तर जून ते सप्टेंबर जमीन सुकतच नाही. ओल्यात उभं राहून खुरं सडतात, आणि म्हातारं जनावर एकदा बसलं की उठवता उठत नाही. म्हणून खाली पिंजार किंवा पाचट, आणि ते रोज बदलणं. पिंजार पावसाआधी उंचावर रचा, भिजून बुरशी आली की ते विष.

नदीकाठी राहत असाल तर २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. तुमचं जनावर ३९ च्या आधी हललं पाहिजे, कारण लंगडा बैल ट्रॉलीत चढवायला चार माणसं आणि अर्धा दिवस जातो. कुणाच्या मळ्यात न्यायचं ते मे महिन्यातच बोलून ठेवा. आणि शेवटची वेळ आलीच तर दावं कापून टाका. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही.

खाण्यात आपल्याकडे दोन घोटाळे होतात. हंगामात ऊसतोड सुरू झाली की वाडं (उसाचे शेंडे) फुकटात मिळतं, मग तीन-चार महिने तेवढंच. वाड्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यासोबत सुका चारा, क्षारमिश्रण आणि चुन्याची निवळी द्या. दुसरा घोटाळा पुण्य कमावण्याचा. गोठ्यात गाय आहे कळलं की अमावस्येला, सणाला गल्लीतून पुरणपोळ्या, भात, शिळ्या चपात्यांच्या पिशव्या येतात. एवढं पिष्ट एकदम पोटात गेलं की आंबून आम्ल तयार होतं आणि धडधाकट जनावर दोन दिवसांत जातं. गोठ्याला कुलूप लावा, पाटी लावा, आणि ज्या काकू रागावतील त्यांना वैरणीची पेंढी आणायला सांगा.

लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प-फऱ्याची पावसाआधी, लम्पीची दरवर्षी. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर खांबावर रंगवून ठेवा. सांधे धरलेल्या बैलाला दुखण्यावर औषध लागेल तेव्हा डायक्लोफेनॅक नको. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. ते औषध अंगात असलेलं मढं खाऊन गिधाडं मेली. मेलॉक्सिकॅम मागा. गोऱ्हा किंवा बोकड असेल तर वेळेत, भूल देऊन, डॉक्टरांकडूनच खच्ची करा. मेल्यावर पुरायला स्वतःची जागा आहे का, जेसीबी कुणाचा, हेही आधीच ठरवा. एकटं जनावर झुरतं, तेव्हा जमत असेल तर दोन आणा. न जमल्यास निदान शेजारच्या दावणीचं जनावर त्याला दिसेल असं बांधा.

आणण्याच्या दिवशी प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आणि हस्तांतरपत्र चालकाजवळ हवं. गाडीत पिंजार अंथरा, सकाळी निघा. आल्यावर तीनेक आठवडे इतर जनावरांपासून वेगळं, वेगळी बादली, वेगळी गव्हाण. गोचीड आणि जंताचं औषध याच काळात. तिकडे खात होतं तीच वैरण आठवडाभर पुरेल एवढी सोबत मागून घ्या आणि तुमची वैरण त्यात थोडी थोडी वाढवत न्या. पहिल्या रात्री पाहुणे बोलवू नका.