बेल्जियन ब्लॉन्ड एल चाखून मार्क द्यायचे असतील तर आधीची तयारी, सोलापूरच्या हिशोबानं

तारीख आधी ठरवा आणि शक्यतो डिसेंबर-जानेवारीतली ठरवा, कारण एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढं गेलेला असताना माणूस बिअर चाखत नाही, घटाघटा पितो, आणि ब्लॉन्ड, म्हणजे बेल्जियन पद्धतीची ही सोनेरी एल बिअर, ग्लासात ओतल्यावर बघता बघता कोमट होऊन बसते. जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस मात्र सोडा, अर्धे लोक यात्रेत अडकलेले असतात. ड्राय डे नाही ना ते बघून घ्या. ग्रुपवर कोणतरी म्हणणारच, काय बे, बिअर प्यायला यादी कशाला लागती. प्यायला नाहीच लागत. मार्क द्यायला लागते, आणि ब्लॉन्डला तर जास्तच, कारण ही बिअर हळू आवाजात बोलणारी आहे. स्टाउट असली तर भाजक्या कॉफीचा वास शेजारच्या खोलीत पण येतो, आयपीए असली तर हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) नाकावर येऊन आदळतात, पण ब्लॉन्डमध्ये थोडं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडी संत्र्याच्या सालीसारखी फळाची झाक, किंचित मिरी-लवंग, शेवटी कोरडेपणा, सगळं बारीक बारीक. म्हणून खोलीतला, हातावरचा, तोंडातला प्रत्येक मोठा वास आधी बंद करायचा, बाकीची यादी त्याच्यापुढची.

आता बाटल्या. नेहमीच्या वाईन शॉपमध्ये स्ट्राँग लागरच्या (लागर म्हणजे थंडाव्यात आंबवलेली, आपल्याकडची नेहमीची बिअर, एलपेक्षा वेगळी जात) क्रेट दिसतील, ब्लॉन्ड एल सहसा दिसणार नाही, तेव्हा पुण्या-मुंबईला कोण जाणार आहे ते बघा आणि त्याला इम्पोर्टेडच्या कपाटात नीट शोधायला सांगा, आणि काय शोधायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या, कारण दुकानात उभं राहून माणूस गोंधळतो. लेफ ब्लॉन्ड मिळाली तर उत्तम, 6.6 टक्के, स्टाईलचं सरळ उदाहरण. अफ्लिगेम ब्लॉन्ड, ग्रिमबर्गेन ब्लॉन्ड पण चालतील. ला त्राप ब्लॉन्ड नेदरलँड्समधल्या टिलबर्गजवळच्या मठात बनते, बेल्जियममधली नाही, पण स्टाईल तीच आणि ती खरी ट्रॅपिस्ट आहे, म्हणजे मठाच्या आत साधूंच्या देखरेखीखाली बनलेली. लेफचं तसं नाही, लेबलवर मठ आहे, 1152 साली दिनांजवळ स्थापन झालेला मठ खराच आहे, पण बिअर आता लूव्हेनच्या मोठ्या कारखान्यात बनते. हे चवीसाठी महत्त्वाचं नाही, पण लेबलवरचा मठ बघून पाच मार्क जास्त देणारी माणसं मी बघितलेली आहेत म्हणून सांगतोय.

काय आणायचं नाही ते पण लिहून द्या. ड्यूव्हेल रंगानं तशीच सोनेरी दिसते पण ती 8.5 टक्के, बेल्जियन गोल्डन स्ट्राँगमध्ये मोडते, जास्त कोरडी आणि जास्त फसफसणारी. हूगार्डन ही गव्हाची विट बिअर, तिच्यात धने आणि संत्र्याची साल घातलेली असते. बिरा 91 ची ब्लॉन्ड तर लागर आहे, नावापलीकडं ह्या मंडळींशी तिचा संबंध नाही. यातली एखादी मुद्दाम मध्ये घुसवून लोकांची परीक्षा घ्यायची असेल तर घ्या, मजा येते, पण ते वाढणाऱ्यालाच माहीत पाहिजे.

बाटली घेताना तारीख बघायची आणि बाटलीचा रंग बघायचा. तपकिरी काच बरी, हिरवी आणि पांढरी काच उजेड आत येऊ देते आणि उजेडानं हॉप्समधला कडू अंश फुटून घाण वास तयार होतो. दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेला क्रेट स्वस्त मिळाला तरी नको. पुण्याहून गाडीनं आणताना बर्फाचा डबा, डब्याभोवती ओली सोलापुरी चादर, ऊन पण लागत नाही आणि गारवा पण टिकतो, आणि डिकीत तापू देऊ नका, गरम झालेली इम्पोर्टेड बिअर पुठ्ठ्यासारखी लागते आणि मग आपण बेल्जियमला शिव्या देतो. घरी आल्यावर बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, आडव्या नाही, किमान दोन दिवस, कारण काही बाटल्यांत तळाला यीस्टचा गाळ असतो आणि तो खाली बसला पाहिजे. ज्यांच्याकडं बाटल्या ठेवणार त्यांच्याकडं परमिट आहे ना ते बघा, आपल्या राज्यात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि बिअरसाठी वय 21 पाहिजे, पुतण्याला ओतायला बोलावणार असाल तर त्याचं वय आठवा.

ग्लास हा सगळ्यात दुर्लक्ष होणारा विषय. ट्यूलिप ग्लास असला तर छान, नसला तर वाईनचा ग्लास घ्या, वर तोंड थोडं आत वळलेलं पाहिजे म्हणजे वास कोंडतो. स्टीलचा पेला नको, प्लास्टिकचा तर अजिबात नको. सगळ्यांना एकसारखेच ग्लास, नाहीतर ज्याच्या हातात भारी ग्लास त्याची बिअर भारी असं होतं. लिंबाच्या वासाच्या साबणानं घासले तर नंतर इतकं पाणी मारा की वास जाईल, ह्या बिअरमध्ये लिंबा-संत्र्याची झाक मुळातच असते, तुम्ही साबणालाच मार्क देऊन बसाल. फडक्यानं पुसू नका, पालथे घालून वाळवा. तेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही आणि आपण लिहितो फेस कमी. तपासायची साधी युक्ती अशी की ग्लास आतून ओला करायचा आणि ओतून टाकायचा, पाणी एकसारखं पसरून राहिलं तर स्वच्छ, थेंब थेंब झाले तर परत धुवायचा. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, टाकीतलं साठवलेलं आणि क्लोरिनचा वास असलेलं असतं, म्हणून शेवटचा हात जारच्या पाण्याचा मारा आणि प्यायला पण तेच ठेवा, साधं, फ्रिजमधलं गार नको, गार पाण्यानं जीभ बधिर होते.

खोली. त्या दिवशी सकाळी फिनाईलनं फरशी पुसू नका असं घरात आधीच सांगा, कारण ह्या बिअरच्या यीस्टमधून जो लवंगेसारखा वास येतो तो फिनॉलच्याच जातीचा असतो आणि फरशीचा फिनाईल नाकात बसला की नाक तिथंच अडकतं. मच्छर अगरबत्ती बंद. देवघरातली उदबत्ती सकाळीच लावून झालेली बरी, संध्याकाळी लावायची असेल तर आपण गच्चीवर जावं, घरच्यांना उदबत्ती विझवायला सांगायचं नाही, ते भांडण आपल्याला परवडत नाही. स्वयंपाकघरात लसणाची फोडणी नको. पांढरा कागद टेबलावर अंथरा, रंग त्याच्यावर धरून बघायचा असतो, पिवळ्या बल्बखाली सगळ्याच बिअरी सोनेरी दिसतात.

माणसं पाच बोलवा. 330 मिलीच्या बाटलीत 60 मिलीप्रमाणं पाच जणांचं होतं आणि तळाचा गाळ बाटलीतच राहतो, सहावा आला तर दुसरी बाटली फोडावी लागते. त्यांना आदल्या दिवशीच सांगायचं की सेंट मारून येऊ नका, तंबाखू-मावा दुपारपासून बंद, पान बंद, सर्दी असेल तर नुसतं गप्पा मारायला या, जेवण साधं वरणभात टाइप आणि दोन तास आधी. उपाशीपोटी पण नको. शेंगाचटणीचा हात तर साबणानं धुतला तरी लसूण सोडत नाही, त्यामुळं त्या दिवशी दुपारी ती नकोच. मध्ये मध्ये तोंड साफ करायला साधा पांढरा ब्रेड, कडा काढून. कडक भाकरी ठेवायचा मोह सगळ्यांना होतो आणि ती कोरडी असते म्हणून लॉजिक पण बरोबर वाटतं, पण भाजलेल्या ज्वारीचा खमंगपणा बिअरच्या हलक्या माल्टवर बसतो आणि मग सगळ्याच बिअरी भाकरीसारख्या लागतात. ती नंतर खायची.

नाकाची तालीम दोन दिवस आधी सुरू करा, ह्याला खर्च नाही. मधल्या मारुतीजवळच्या बाजारातून लवंग, मिरी, संत्री, एक जास्त पिकलेलं केळं, एक हिरवं सफरचंद, मक्याचं कणीस, थोडा मध आणा. झाकणाच्या छोट्या वाट्यांत एकेक ठेवा, डोळे मिटून हुंगा आणि ओळखा. संत्र्याची साल, थोडं लवंग-मिरी, मधाची झाक ही ब्लॉन्डमध्ये चालते. केळं अगदी पुसट असेल तर ठीक, केळ्याच्या शिकरणीसारखं वर आलं तर बिअर गव्हाच्या जर्मन बिअरकडं निघालेली आहे. उकडलेलं कणीस म्हणजे डीएमएस, गंधकाचं एक रसायन, ब्लॉन्डमध्ये दोषच, कच्चं हिरवं सफरचंद म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड, म्हणजे बिअर घाईनं काढलेली. थिएटरातल्या बटर पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल, जिभेवर गुळगुळीत तेलकट लागतो, दोष आहे, लोकांना मात्र आवडतो. ओला पुठ्ठा म्हणजे जुनी झाली, ऑक्सिजन लागला. पुठ्ठ्याचा तुकडा खरंच भिजवून ठेवा, नवीन माणसाला वाचून कळत नाही. उजेड लागलेल्या बिअरच्या वासाला परदेशी पुस्तकात स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा असते, तो प्राणी आपण कुणी बघितलेला नाही, त्यामुळं जळक्या रबराच्या जवळपासचं काहीतरी असं लक्षात ठेवा. मधाचं जरा अवघड आहे, ताज्या ब्लॉन्डमध्ये पण येतो आणि जुनी झालेली पण मधाळ होते, मग सोबत पुठ्ठा येतोय का ते शोधायचं.

कागद छापून ठेवा. बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, जो 1985 पासून आहे, त्यांची 50 मार्कांची पद्धत वापरा, स्वतःची काढत बसू नका: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5, एकूण छापेला 10. त्यांच्या 2021 च्या यादीत ही स्टाईल 25ए नंबरला आहे, अल्कोहोल 6 ते 7.5 टक्के, कडूपणा 15 ते 30 आयबीयू. हे आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहा म्हणजे वाद कमी होतात. दिसण्याला फक्त 3 मार्क आहेत हे मोठ्यानं वाचून दाखवा, नाहीतर फेस बघून लोक खूश होतात. पेन्सिल द्या, पेन नको, पहिली बिअर चाखल्यावर कुणालाच आपला अंदाज कुठं बसतो ते माहीत नसतं, तिसऱ्यानंतर मागं जाऊन बदलावं लागतं.

वाढणारा एक वेगळा माणूस पाहिजे जो मार्क देणार नाही, पिणार पण नाही, तोच नंतर गाडी पण चालवेल. तो आतल्या खोलीत ओततो, ग्लासांना नंबर देतो, कोणती बाटली कोणता नंबर ते स्वतःच्या कागदावर लिहितो आणि ती चिठ्ठी खिशात ठेवतो. हलकी आधी, स्ट्राँग शेवटी. सहा नमुने पुरेत, 60 मिलीचे सहा म्हणजे 360 मिली होतात, जीभ तेवढ्यातच थकते, पुढचे मार्क खरे नसतात. फ्रिजमधून काढल्यावर जरा वेळ बाहेर ठेवा, 7 ते 10 डिग्रीच्या आसपास आली पाहिजे, हिवाळ्यात दहा मिनिटं लागतात, मार्चमध्ये पाचच. बर्फासारखी गार दिली तर वास बंद, दोष पण बंद, सगळ्यांना 38.

बसल्यावर पहिलं काम नाकाचं, फेस बघत बसू नका, वास उडून जातो. ग्लासवर तळहात ठेवून हलकं फिरवा, हात काढा, छोटे छोटे दोन-तीन हुंगा, लगेच लिहा. मग कागदावर धरून रंग, चकचकीत सोनेरी आणि स्वच्छ पाहिजे, फेस पांढरा दाट, खाली उतरताना काचेवर जाळी ठेवतो. मग घोट, पूर्ण तोंडात फिरवून गिळायचा, थुंकायचा नाही, गिळून नाकानं श्वास सोडला की मागून जो वास येतो त्यातच अर्धी बिअर असते. सुरुवातीला माल्टची हलकी गोडी येऊन शेवट कोरडा झाला पाहिजे. ब्रुअर पिल्स माल्टसोबत (फिकट रंगाचं माल्ट) साखर घालतात ती गोडीसाठी नाही, साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि बिअर हलकी, कोरडी राहते. म्हणून शेवटी पाकासारखी चिकट गोडी राहिली तर चवीत मार्क कापा. अल्कोहोल गळ्यात किंचित ऊब देतो, जाळत नाही. जळजळ झाली, पेंटच्या थिनरची आठवण झाली तर आंबवताना तापमान चढलेलं.

मार्क देताना बोलायचं नाही. एक शब्द नाही, तोंड पण वाकडं करायचं नाही, कारण एकानं केळं म्हटलं की चौघांना केळं येतं. सगळ्यांचे कागद भरले की मगच उघडायचे, आणि दोघांत सातपेक्षा जास्त फरक असला तर दोघांनी परत चाखायची, भांडायचं नाही. 21 ते 29 म्हणजे चांगली पण दोष आहेत, 30 ते 37 खूप चांगली, 38 च्या वर उत्कृष्ट, 45 च्या वर लिहिण्याआधी दोनदा विचार करा. आवडली का हा प्रश्न कागदावर नाहीच, स्टाईलला धरून आहे का एवढाच आहे, आणि आपल्या ग्रुपमध्ये स्ट्राँग लागर पिणारे जे दोघं-तिघं असतात त्यांना हे आधी दोनदा सांगून ठेवायचं, ते ब्लॉन्डला किक नाही म्हणून 20 देतात. नावं नसलेल्या कागदांवर नावं घालून घ्या, फोटो काढून ग्रुपवर टाका, मगच वाढणाऱ्यानं चिठ्ठी काढायची. कडक भाकरी, दही, शेंगाचटणी त्याच्यानंतर टेबलावर येऊ दे, कागद आधी उचला, तेलाचे डाग पडले की पेन्सिलचे आकडे वाचता येत नाहीत. आणि रात्री विजापूर रोडला किंवा जुळे सोलापूरला जाणाऱ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या वाढणाऱ्याकडं द्यायच्या, तोच सोडेल.